गाणी जुनी, मालक गावचा!

द्वारका म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कृष्णाची सोन्याची नगरी उभी राहते. गोमती घाट, समुद्र आणि त्या समुद्राच्या पोटात गडप झालेलं वैभव. दिल्लीतली द्वारका याच्या अगदी उलटी. इथं ना समुद्र, ना नदी. पप्पनकलां आणि आसपासच्या खेड्यांच्या शेतजमिनींवर दिल्ली विकास प्राधिकरणानं, म्हणजे डीडीएनं, वसवलेली ही उपनगरी. कृष्णाची द्वारका पाण्यात बुडाली, तर ही वर्षानुवर्षं पाण्यासाठी तळमळली. २०१५ मध्ये इथलं जलशुद्धीकरण केंद्र चालू झालं, तोवर टँकर आणि कूपनलिका हाच अनेक सोसायट्यांचा आधार होता.

वस्ती मात्र लहानसहान नाही. ५,६४८ हेक्टरांचा पसारा, एकोणतीस सेक्टर आणि आराखड्यात धरलेली लोकसंख्या सुमारे दहा लाख. दहा लाख म्हणजे किती, हे समजून घ्यायचं तर कोल्हापूर आठवावं. २०११ च्या जनगणनेत आख्ख्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. म्हणजे दिल्लीवाले ज्याला ‘सब-सिटी’ म्हणून एका शब्दात उरकतात, ते आपल्याकडचं चांगलं जिल्ह्याचं शहर झालं. तिथं शाळा आहेत, इस्पितळं आहेत, न्यायालय आहे, विद्यापीठ आहे, २००५ च्या शेवटच्या दिवशी पोहोचलेली मेट्रो आहे.

आता या एवढ्या मोठ्या गावात सकाळी गाडी काढावी आणि रेडिओ लावावा. काय ऐकू येतं? दिल्ली! १०२.६ वर आकाशवाणीचं रेनबो, ९८.३ वर मिर्ची आणि मधल्या फटींत बाकीची मंडळी. आयटीओच्या चौकात वाहनं तुंबलीत, आश्रमच्या पुलाखाली पाणी साचलंय, अमक्या नटाचं तमक्या नटीशी बिनसलंय. हे सगळं कळतं. आपल्या सेक्टरात आज पाणी का आलं नाही, पालमच्या उड्डाणपुलावर काय झालंय, हे मात्र कळत नाही. ते सोसायटीच्या फाटकावरचा चौकीदार सांगतो, नाहीतर मोबाइलवरचा व्हॉट्सॲपचा गट. त्या गटावर एका खऱ्या बातमीमागे चार अफवा असतात, हे घरोघरी माहीत आहे.

इथं कुणी म्हणेल, मोबाइलच्या जमान्यात रेडिओ हवाय कुणाला? प्रश्न रास्त आहे. गाणी ऐकायला रेडिओ लागत नाही, हे खरंच. पण रेडिओ फक्त गाण्यांसाठी असतो, हाच मुळात गैरसमज. दोन गाण्यांच्या मधे जो माणूस बोलतो, तो कुठे बसलाय आणि त्याला पगार कोण देतो, यावर रेडिओची सगळी गंमत अवलंबून असते. याचा सर्वांत कडवट धडा घेतला तो रेडिओवर जीव ओवाळून टाकणाऱ्या अमेरिकेनं.

तिथल्या लहान शहरांत एक प्रकार फार लोकप्रिय आहे. त्याला म्हणतात ‘क्लासिक रॉक’. नाव भारदस्त असलं तरी मामला सोपा आहे. आपल्याकडे विविध भारतीवर सकाळी ‘भूले बिसरे गीत’ लागतं ना, तसलंच काहीसं. फक्त सैगल आणि शमशाद बेगम यांच्या जागी लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड, ईगल्स आणि रोलिंग स्टोन्स. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंतची ही गाणी. जी गाणी ऐकून एके काळी आईबाप कानांत बोटं घालत, ती ऐकणारी पोरं ऐंशीच्या दशकात नोकरीधंद्याला लागली, घरं आणि गाड्या घेऊ लागली. त्यांना नव्या गाण्यांत रस नव्हता आणि जाहिरातदारांना तर नेमके हेच गिऱ्हाईक हवे होते. ही नाडी ओळखणाऱ्यांत मिशिगनचा फ्रेड जेकब्स हा रेडिओ-सल्लागार पुढे होता. १९८५ च्या सुमारास त्यानं जुनं रॉक, आणि फक्त जुनंच रॉक, वाजवणाऱ्या केंद्राची कल्पना विकायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत गावोगावी अशी केंद्रं निघाली.

त्यातली बरीचशी गावच्याच माणसाच्या मालकीची असत. मालक म्हणजे कुणी धनाढ्य शेठ नव्हे. गावातच राहणारा, मुलं गावच्या शाळेत घालणारा, जाहिरातीसाठी वाण्याच्या, गॅरेजवाल्याच्या दुकानाच्या पायऱ्या स्वतः चढणारा माणूस. त्याच्या केंद्रावर दोन गाण्यांच्या मधे शाळेच्या फुटबॉल सामन्याचा निकाल लागे, बर्फामुळे कोणत्या शाळा बंद आहेत त्यांची यादी वाचली जाई, कुणाचा कुत्रा हरवला ते सांगितलं जाई. ऐकणाऱ्याला पिंक फ्लॉइड कुठेही मिळालं असतं. कुत्र्याची बातमी फक्त इथंच मिळायची!

हे टिकलं होतं, कारण कायद्यानं मोठ्या माशांच्या तोंडाला मुसकी घातली होती. देशभर मिळून एका कंपनीला जास्तीत जास्त चाळीस केंद्रं बाळगता येत. १९९६ मध्ये अमेरिकन संसदेनं दूरसंचाराचा नवा कायदा केला आणि ही देशव्यापी मर्यादा साफ काढून टाकली. मग काय, बाजार भरला! टेक्सासची क्लिअर चॅनल ही कंपनी चार-पाच वर्षांत बाराशेच्या आसपास केंद्रांची धनीण झाली. गावोगावच्या मालकांना इतक्या घसघशीत रकमा देऊ केल्या गेल्या की ‘नाही’ म्हणणं मूर्खपणाचं ठरावं. त्यांना दोष तरी कसा द्यावा? साठीला टेकलेल्या माणसापुढे कुणी आयुष्यभराची कमाई एका धनादेशात ठेवली, तर तो सही करणारच.

नव्या मालकानं हिशेब मांडला. दहा गावांत दहा निवेदक कशाला? एकानंच एका शहरात बसून दहा गावांसाठी बोलणं ध्वनिमुद्रित करावं, मधेमधे त्या त्या गावाचं नाव घालावं. यंत्र ते योग्य वेळी सोडत राहील. ऐकणाऱ्याला वाटावं, हा इथंच बसलाय. या युक्तीला तिकडे ‘व्हॉइस ट्रॅकिंग’ म्हणतात. दिवसा हे खपून जातं. रात्रीचं काय?

१८ जानेवारी २००२. नॉर्थ डकोटा राज्यातलं मायनॉट नावाचं शहर, वस्ती सुमारे छत्तीस हजार. कडाक्याचा हिवाळा. मध्यरात्र उलटून गेल्यावर दीडच्या पुढे शहराच्या कडेला कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेची मालगाडी रुळांवरून घसरली. एकतीस डबे पडले, त्यांतल्या पाच टाक्या फुटल्या आणि निर्जल अमोनियाचा पांढरा ढग वस्तीवर सरकू लागला. हा वायू डोळे जाळतो, श्वास कोंडतो. अशा वेळी घराबाहेर पळणं म्हणजे थेट मरणाच्या दारात जाणं. दारंखिडक्या बंद करून आत राहायचं, हे लोकांना सांगणारं कुणीतरी हवं होतं. काही भागांत वीजही गेलेली, म्हणजे टीव्ही बंद. उरला बॅटरीवरचा रेडिओ.

शहरातली सहा व्यापारी रेडिओ केंद्रं एकट्या क्लिअर चॅनलची. पोलिसांनी आणीबाणीसाठी नेमून दिलेल्या केंद्राला फोन लावला. फोन वाजत राहिला. लोक काळोखात रेडिओची बटणं फिरवत होते आणि रेडिओवर नेहमीची गाणी चालू होती!

पुढे बरीच वादावादी झाली. कंपनीचं म्हणणं, पोलिसांनीच इशारा देण्याचं नवं यंत्र नीट बसवलं नव्हतं, बसवलं असतं तर त्यांना परस्पर सगळ्या केंद्रांवरून बोलता आलं असतं. यात तथ्य नव्हतं असं नाही. पण यंत्रावर भिस्त ठेवण्याची वेळ का आली, तर फोन उचलायला माणूस नव्हता म्हणून. त्या रात्री एक माणूस दगावला आणि तीनशेहून अधिक लोकांना वायूची बाधा झाली. त्यानंतर अमेरिकेत रेडिओच्या मालकीचा विषय निघाला की मायनॉटचं नाव हटकून निघतं. क्लिअर चॅनलचं २०१४ मध्ये ‘आयहार्टमीडिया’ असं बारसं झालं आणि मार्च २०१८ मध्ये सुमारे वीस अब्ज डॉलरच्या कर्जाखाली दबून तिनं दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. म्हणजे गावचे मालक गेले ते गेलेच, वर ज्याच्यासाठी हे सारं केलं तो पैसाही टिकला नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपली गोष्ट वेगळ्या टोकानं सुरू होते. इथं सगळ्या देशाचा मालक एकच होता, तो म्हणजे सरकार. आकाशवाणीनं जे दिलं ते फार मोलाचं, याबद्दल दुमत नको. रॉक संगीतालाही तिनं थोडी जागा दिली. २१ जुलै १९६९ ला दिल्ली केंद्रावर तरुणांसाठी ‘युववाणी’ सुरू झाली. दिल्लीतल्या कॉलेजकुमारांना पाश्चात्त्य गाणी ऐकण्याचं आणि स्वतः मायक्रोफोनपुढे बसण्याचं ते हक्काचं ठिकाण झालं. तेव्हाचे ते लांब केसांचे आणि बेलबॉटमवाले तरुण आज सत्तरीत आहेत. द्वारकेच्या सोसायट्यांत संध्याकाळी बाकांवर बसणाऱ्या आजोबांत असा एखादा निघाला, तर नातवाला नवल वाटेल, आजोबांना नाही.

१५ ऑगस्ट १९९३ पासून आकाशवाणीच्या एफएम वाहिनीवर दिल्ली-मुंबईत खासगी कंपन्यांना ठरावीक तास विकले जाऊ लागले. टाइम्स एफएम आणि रेडिओ मिड-डे ही नावं तेव्हाच्या कॉलेजातल्या मुलांना अजून आठवत असतील. अंगणात मांडव घालू दिला होता, घराची किल्ली मात्र सरकारच्याच कमरेला. आणि मग ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल आला. खटला होता क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचा. माहिती आणि प्रसारण मंत्रालय विरुद्ध बंगालची क्रिकेट संघटना. निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, तिचा वापर जनतेच्या हितासाठी व्हायला हवा आणि त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. हेही बजावलं की सरकारची मक्तेदारी काढून तिथं मूठभर धनिकांची आणून बसवणं, हा काही उपाय नव्हे.

या निकालानंतर सरकारनं केलं काय? लिलाव! जनतेची मालमत्ता जो जास्त बोली बोलेल त्याला. पहिल्या फेरीत मुंबईच्या एका केंद्राची वर्षाची परवाना फी ठरली पावणेदहा कोटी रुपये आणि ती दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढत जाणार. केंद्र कमावतंय की बुडतंय, याच्याशी सरकारला कर्तव्य नाही. ३ जुलै २००१ ला बंगळुरूमध्ये रेडिओ सिटी सुरू झालं. देशातलं ते पहिलं खासगी एफएम केंद्र. पुढच्या वर्षी मुंबईत केंद्रं आली. त्यांत एक होतं ‘गो ९२.५’. मिड-डे वर्तमानपत्राचं, म्हणजे मुंबईच्याच मालकाचं. बाकी सगळे हिंदी चित्रपटगीतांच्या मागे लागलेले असताना यानं इंग्रजी गाण्यांची वाट धरली. श्रोते थोडे, पण निष्ठावंत. वांद्र्यापासून कुलाब्यापर्यंतची तरुण मंडळी सकाळी याच्यावरच जागी होत. पण पावणेदहा कोटींचं जू मानेवर घेऊन थोड्या श्रोत्यांवर गुजराण कशी व्हावी? काही वर्षांतच हे केंद्र ‘रेडिओ वन’ झालं आणि इतरांसारखं हिंदी गाणी लावू लागलं. रॉक नावडतं होतं म्हणून ते गेलं नाही, ते परवडलं नाही म्हणून गेलं.

आपल्या सगळ्या केंद्रांवर एकच गाणं का वाजतं, या नेहमीच्या तक्रारीचं अर्धं उत्तर इथं आहे. जमीन महाग असली की सगळे एकच पीक घेतात, ज्याला हमखास भाव मिळतो ते. २००५ मध्ये धोरण बदललं. वार्षिक फीच्या जागी एकदाच प्रवेश शुल्क आणि मग उत्पन्नाचा चार टक्के वाटा, असं ठरलं. त्याबरोबर एफएम लहान शहरांत पोहोचलं.

कोल्हापूरला ते असंच पोहोचलं. तिथं ९४.३ वर ‘टोमॅटो एफएम’ आहे. नाव ऐकून हसू येतं, पण मालक अस्सल गावचा. कोल्हापूरचं दैनिक ‘पुढारी’. पिंक फ्लॉइड तिथं वाजत नाही, हे सांगायला नको. पण लहान शहर, स्थानिक मालक आणि लोकांच्या आवडीची गाणी, ही अमेरिकन गोष्टीची तिन्ही अंगं महाराष्ट्रात कुठे जुळत असतील तर ती इथं. याची किंमत पुराच्या वेळी कळते. पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना भेटले की ‘काय, बरं आहे का?’ असं न विचारता ‘राजाराम बंधाऱ्याला किती फूट?’ असं विचारतात. एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर गेली होती. त्रेचाळीस या आकड्यानं पोटात गोळा येण्यासाठी निवेदक त्या गावात राहणारा लागतो. मुंबईच्या स्टुडिओत बसलेल्याला तो नुसता आकडा.

आता यातली विसंगती बघा. ‘पुढारी’ पहाटे जी बातमी पहिल्या पानावर छापतो, ती त्याच मालकाच्या रेडिओवर त्याच्या वार्ताहराला सांगता येत नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. २०११ च्या धोरणानं आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवायची परवानगी दिली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती हे विषय ‘बातमी नव्हे’ असं ठरवून मोकळे केले. म्हणजे पूर आला हे सांगता येतं, पूर का आला हे विचारता येत नाही! छापील कागदावर, टीव्हीवर, मोबाइलवर जे चालतं ते रेडिओवर का चालत नाही, याचं समाधानकारक उत्तर आजवर मिळालेलं नाही. याच धोरणानं आणखी एक दार उघडलं. एका कंपनीला स्वतःच्या सगळ्या केंद्रांवरून देशभर एकच कार्यक्रम जोडून ऐकवता येईल. मालकीवर आपल्याकडे २०२२ पर्यंत मर्यादा होती, देशातल्या एकूण वाहिन्यांच्या पंधरा टक्क्यांहून जास्त एका हाती जाऊ नयेत. पण मालक वेगळे आणि आवाज एकच, हे मायनॉटच्या वाटेवरचं पहिलं वळण आहे.

लिलावाच्या बाहेर एक बारीकशी पायवाट आहे. तिला म्हणतात सामुदायिक रेडिओ, कम्युनिटी रेडिओ. २००२ च्या डिसेंबरात तो फक्त शिक्षणसंस्थांना खुला झाला. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठानं १ फेब्रुवारी २००४ ला पहिलं केंद्र काढलं. १६ नोव्हेंबर २००६ ला स्वयंसेवी संस्थांनाही मुभा मिळाली. यात व्यक्तीला परवाना मिळत नाही, राजकीय पक्षाला नाही आणि नफा कमावणाऱ्या कंपनीलाही नाही. नोंदणी झालेली, निदान तीन वर्षं जनतेत काम केलेली संस्था लागते. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक हवेत. ताकद शंभर वॉटची, एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढी! त्यात आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. या अशक्तपणाचा एक फायदाही आहे. दिल्ली विद्यापीठ आणि जामिया मिलिया ही दोन्ही विद्यापीठं एकाच शहरात ९०.४ हा एकच आकडा वापरत आली.

महाराष्ट्रात याचं नाव काढलं की साताऱ्याच्या माण तालुक्यातलं म्हसवड आठवतं. पाऊस इथं पाहुण्यासारखा येतो, तोही मुक्कामाला राहत नाही. चेतना सिन्हा यांनी १९९७ मध्ये इथं बायकांची माणदेशी महिला सहकारी बँक काढली. आधी रिझर्व्ह बँकेनं अर्ज फेटाळला होता. कारण काय, तर प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर. त्याच बायकांनी ‘आम्हाला लिहिता येत नाही, पण व्याजाचा हिशेब तोंडी येतो’ हे अधिकाऱ्यांना पटवून दिलं. लिहिता-वाचता येत नसलेल्या माणसापर्यंत पोहोचायचं तर कागद उपयोगाचा नाही, आवाजच हवा. २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग’ ही वाहिनी ९०.४ वर सुरू झाली. चारा, पाणी, बाजारभाव, बचत, बाळंतिणीची काळजी. आणि गाणी? जात्यावरच्या ओव्या, धनगरांची गजी. म्हसवडचं क्लासिक हेच की! २०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशीनं म्हसवडला जनावरांची छावणी उघडली. हजारो शेतकरी गुरंढोरं घेऊन तिथं महिनोन्‌महिने राहिले. छावणीत आज काय चाललंय, हे त्या मुलखाला सांगणारा रेडिओ गावातलाच होता. दुसऱ्या कुणाला म्हसवडच्या छावणीची काय पडली होती?

द्वारकेला म्हसवड फार दूर. पण शेजारी एक उदाहरण आहे. द्वारकेच्या दक्षिण टोकाकडून कापसहेड्याची सीमा ओलांडली की हरियाणातलं गुरगाव लागतं आणि लगेच उद्योग विहार. तयार कपड्यांच्या निर्यातीचे कारखाने आणि त्यांत शिवणयंत्रांवर वाकलेले बिहार-उत्तर प्रदेशचे हजारो कामगार. नोव्हेंबर २००९ मध्ये या उद्योग विहारातून ‘गुडगाव की आवाज’ हे सामुदायिक केंद्र १०७.८ वर सुरू झालं. चकचकीत इमारतींच्या गावात या केंद्रानं आपला श्रोता निवडला तो कारखान्यातला कामगार, सुरक्षारक्षक, मोलकरीण आणि मूळचा हरियाणवी गावकरी. चित्रपटगीतांच्या जागी लोकसंगीत लावलं. हरियाणाची रागिणी, भोजपुरी, गढवाली. स्वतःच्या गावची गाणी परमुलखात, भाड्याच्या खोलीत ऐकू येणं म्हणजे काय, हे पोटासाठी गाव सोडलेल्यालाच कळेल. नोकरीसाठी दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला हे वेगळं समजावून सांगायला नको. भूपाळी ऐकायची तर तिथं कॅसेट शोधावी लागे, आता मोबाइल शोधावा लागतो.

या केंद्रांचं दुखणं एकच, पैसा. वीजबिल, यंत्रांची दुरुस्ती आणि दोन-चार पगार निघायची मारामार. संस्थेचा देणगीदार हलला की केंद्र हललं. जाहिरातींना परवानगी आहे, पण मोजूनमापून. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं तासाला सात मिनिटांची मर्यादा बारा मिनिटांवर नेली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना बावन्न रुपयांवरून चौऱ्याहत्तर केला. महानगरातल्या व्यापारी केंद्रांच्या तुलनेत ही चिल्लरच. तरीही यावरच एखाद्याचा पगार निघतो.

द्वारकेत असं केंद्र काढायचं ठरवलं तर काय लागेल? रहिवाशांच्या संघटना इथं पैशाला पासरी आहेत. गटगृहनिर्माण सोसायट्याच शेकड्यांनी. नेताजी सुभाष विद्यापीठ सेक्टर तीनमध्ये, गुरू गोविंदसिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठ सेक्टर सोळामध्ये. म्हणजे यंत्र जुळवणारी पोरंही हाताशी. वेळ असलेले, आवाज खणखणीत असलेले निवृत्त लोक तर प्रत्येक मजल्यावर. खरा तंटा पेटेल तो गाण्यांवरून! सेक्टर सातच्या अय्यप्पा मंदिरात जाणाऱ्याचं क्लासिक येसुदास, दुर्गापूजेच्या मांडवातल्या बंगाल्याचं हेमंतकुमार, पालम गावच्या चौधऱ्याचं रागिणी आणि त्या बाकावरच्या बेलबॉटमवाल्या आजोबांचं लेड झेपेलिन. एका तासाला एकाचं ऐकायचं, बाकीच्यांनी तेवढा वेळ चहा प्यायचा. यावर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत जे होईल ते ऐकण्यासारखं असेल, आणि तेच प्रक्षेपित केलं तर केंद्राला पहिल्याच दिवशी श्रोते मिळतील.

व्यापारी केंद्राची वाट मात्र द्वारकेला बंद आहे. सरकारच्या यादीत ती शहर नाही, दिल्लीचा एक कोपरा आहे. दिल्लीचा परवाना घ्यायचा तर दिल्लीचा भाव मोजावा लागणार आणि दिल्लीचा भाव मोजला की दिल्लीशीच बोलावं लागणार. ज्या शहरांना ही वाट खुली झाली ती वेगळी. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं खासगी एफएम अजून न पोहोचलेल्या २३४ शहरांतल्या ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. चार टक्क्यांचा वाटा कायम. राखीव किंमत सगळ्यांची मिळून ७८४ कोटी ८७ लाख रुपये. महाराष्ट्रातली चंद्रपूर, यवतमाळ, मालेगाव, लातूर ही नावं त्या यादीत आहेत.

लातूरकरांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कुणी आठवून द्यावी लागत नाही. अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जन करून लोक निजले होते आणि तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी हादरली. लातूरच्या वाहिनीवर बोली बोलायला मुंबईची कंपनीही येऊ शकेल आणि लातूरचा एखादा व्यापारी, एखादी शिक्षणसंस्थाही. अर्ज तपासणारा अधिकारी भांडवल बघेल, ताळेबंद बघेल, संचालकांची नावं बघेल. पहाटे चारला स्टुडिओत फोन वाजला तर तो उचलायला कोण असेल, असा रकाना त्या अर्जात नाही.